केतकीचं पडणं

“आणि तार?”

“तार नाही, उस्ताद.”

“खड्डा?”

“खड्डाही नाही.”

“मग घोडी पडते कशानं? माझ्या दुव्यानं?”

वसुधा इंगवले हसली. गेली तीन वर्षं ती ह्याच प्रश्नाची वाट बघत होती. अंघोळ करताना, भाजी निवडताना, पोरीला थोपटताना तिनं ह्याची उत्तरं मनात घोळवली होती. आता वेळ आली, तर त्यातले दोनच शब्द हाताशी उरले.

“गुळानं,” ती म्हणाली. “आणि विश्वासानं.”

“गूळ ठाऊक आहे,” उस्ताद म्हणाले. “पुढचं सांग.”

हैदर शिकलगार. चाळीस वर्षं सिनेमातले घोडे ह्याच माणसानं पाडले. कोल्हापूरच्या बाहेर, बंद पडलेल्या दगडखाणीच्या कडेला त्यांचा तबेला. आता तिथं एक म्हातारं शिंगरू... म्हणजे शिंगरू म्हणायची नुसती सवय, वय बावीस... आणि चार शेळ्या. कॉलेजात असताना वसुधा इथंच घोड्यावर बसायला शिकली, आणि पडायलाही.

त्यांची रीत सगळ्यांना माहीत होती. घोड्याच्या पुढच्या पायाला तार बांधायची, दुसरं टोक जमिनीतल्या खुंटीला. घोडा भरधाव सोडायचा. तार संपली की घोडा तोंडावर. पडद्यावर बाण लागल्यासारखा दिसायचा.

वसुधाच्या हातात दोन पानी कागद होता. एका ऐतिहासिक सिनेमात तिच्या घोडीला, केतकीला, काम मिळालं होतं. लढाईत पडायचं. वीस दिवसांचं शूटिंग. परवानगीसाठी ह्या कागदावर दोन सह्या लागत होत्या, एक घोडीला शिकवणाऱ्याची, म्हणजे तिची, दुसरी वीस वर्षं हे काम केलेल्या जाणत्याची. तसा जाणता आख्ख्या जिल्ह्यात एकच उरला होता. आणि दोनच महिन्यांपूर्वी एका पेपरात मुलाखत देताना तिनं नेमकं त्याच्याबद्दल...

“सूनबाईनं वाचून दाखवलं मला,” उस्ताद म्हणाले. “‘जुन्या लोकांचा रानटीपणा.’ फोटो झकास आलाय तुझा.”

“उस्ताद, तुमचं नाव नव्हतं घेतलं मी.”

“जुने लोक उरलेत कितीजण?”

वसुधाचे कान तापले. आपण बरोबरच बोललो होतो, हे तिला ठाऊक होतं. बरोबर बोलूनही आपण त्याच माणसाच्या दारात सहीसाठी उभ्या आहोत, हेही ठाऊक होतं.

“वाच,” ते म्हणाले. “मला बारीक अक्षर दिसत नाही.”

तिनं वाचलं. “जनावरास मारहाण केली का? नाही. तार, दोरी, खड्डा किंवा इजा करणारे साधन वापरले का? नाही. उपाशी ठेवले का? नाही. जनावराने विरोध केला का? नाही.”

शेवटचं ‘नाही’ जरा मोठ्यानं आलं. ते तिनं लिहितानाही जाड लिहिलं होतं.

उस्तादांनी कागद घेतला नाही.

“पाडून दाखव.”

तबेल्यामागे जुना आखाडा होता. वसुधानं कालच टेम्पोभर उसाचं पाचट आणून त्यावर वाळू पसरली होती. केतकी दारापाशी उभी, फिकट पिवळी, कान टवकारलेले.

उस्तादांच्या तबेल्यात एक नियम होता. ज्या जमिनीवर घोडा पाडायचा, तिथं आधी आपण पडायचं. उभ्यानं, हात न टेकता. रानटी माणसाचा हा एवढा एकच नियम वसुधानं मनापासून पाळला होता. ती वाळूत शिरली, डोळे मिटले, अंग सोडून दिलं. धप्प. वाळू झटकत उठली आणि घोडीवर बसली.

एक फेरी. दुसरी फेरी, दौडत. मधोमध येताच तिनं लगाम उजवीकडे घेतला आणि केतकीच्या डाव्या खांद्यामागे दोन बोटं टेकवली. बस, एवढंच.

केतकी गुडघ्यांवर आली, कलली आणि लांबलचक पडली. वाळूचा फवारा उडाला. वसुधा तिच्या पाठीशी गडगडत गेली. घोडी निपचित. मान सुद्धा हलवेना.

“उठ, बाळा.”

केतकी उठली, अंग थरथरवून वाळू झाडली आणि मऊ ओठांनी वसुधाचा खिसा चाचपू लागली. तिला गुळाचा खडा मिळाला.

कुंपणाशी टेकलेले उस्ताद घोडीकडे बघत राहिले. असं पडणं त्यांनी जन्मात बघितलं नसणार, वसुधाला वाटलं. मग वाटलं, आपल्याला असं वाटायला नको.

“पहिल्यांदा कधी पडली?”

“चौथ्या महिन्यात. आधी नुसतं गुडघा वाकवायला शिकवलं. मग बसायला. मग आडवं व्हायला. एका वेळी एकच गोष्ट. जमलं की गूळ, नाही जमलं तरी ओरडायचं नाही.”

“आणि नाही कधी म्हणाली?”

“एकदाही नाही, उस्ताद!” तिचा चेहरा उजळला. “तीन वर्षांत एकदाही नाही. घरी आमची जुई आहे ना, चार वर्षांची, ती दिवसभर नाहीच म्हणते. दूध नाही, अंघोळ नाही, चप्पल नाही. दोन पुस्तकं वाचली मी त्यावर, ऑनलाइन वर्ग केला. घोडीला जे शिकवलं ते पोरीला नाही शिकवता येत मला.”

“पोरगी बरी आहे म्हणायची.”

वसुधाला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

उस्तादांनी उजवा हात वर केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून नव्हतं.

“हे तारेनं तुटलं, असं सगळ्यांना सांगतो,” ते म्हणाले. “सुलतानानं तोडलंय. काळा घोडा होता. सहाव्यांदा पाडायला नेला तर जागचा हलेना. मी ओढला, चाबूक मारला, तर वळून चावला. दोन बोटं तोंडात घेऊन माझ्याकडं बघत उभा राहिला...”

“मग?”

“मग काय? हाताला फडकं बांधलं आणि पाडला. पाय मोडला त्याचा. तोच शॉट ठेवला सिनेमात. थेटरात शिट्ट्या पडायच्या त्याच्यावर.”

शेळी ओरडली.

“म्हणूनच म्हणते ना, उस्ताद,” वसुधा हळूच म्हणाली. “म्हणूनच मी हा मार्ग...”

“तुमचा सीन कुठं आहे?”

“गडाखाली. पण कंपनी माती टाकून जमीन मऊ करून देणार आहे. लिहून घेतलंय मी.”

“आणि नाही दिली तर?”

“तर मी नाही म्हणेन.”

“तू म्हणशील.”

“हो. मी रोज तिथंच असणार आहे.”

“आणि पोरीला ताप आला त्या दिवशी?”

ह्या माणसाला कसं कळलं? गेले आठ दिवस वसुधा रात्री दचकून उठत होती ती ह्याच एका विचारानं. जुईला ताप, आई गावाला, नवरा कामावर, आणि तिकडं सेटवर दोनशे माणसं खोळंबलेली.

“मी नसेन तर केतकी कुणाच्या हाताखाली पडणारच नाही,” ती म्हणाली. “विश्वास माझ्यावर आहे तिचा.”

“हं,” उस्ताद म्हणाले. “चल.”

त्यांनी केतकीचा लगाम हातात घेतला आणि चालू लागले. आखाड्याच्या बाहेर, तबेल्याला वळसा घालून खाणीच्या तोंडाशी. तिथं खडी पसरलेली होती. फोडलेला काळा दगड, मुठीएवढा, सुरीसारख्या कडा.

ते थांबले. मागे वळून वसुधाकडे बघितलं.

“पड.”

“काय?”

“नियम विसरलीस? पड.”

वसुधानं खाली बघितलं. चपलेच्या तळातूनही दगड टोचत होते.

“इथं? उस्ताद, काहीतरीच काय! डोकं फुटेल माझं. नाही, मी नाही पडणार इथं.”

“बरं,” उस्ताद म्हणाले.

त्यांनी लगाम उजवीकडे घेतला आणि उरलेल्या दोन बोटांनी केतकीच्या खांद्यामागे स्पर्श केला.

“उस्ताद, नको!”

वसुधा धावली. तिचा हात लगामापर्यंत पोचायच्या आत केतकीचे गुडघे वाकले. दगड करकरले. घोडी कलली आणि त्या खडीवर, वाळूत पडावी तशीच, लांबलचक आडवी झाली.

निपचित. मान सुद्धा हलवेना.

वसुधा तिच्या मानेशी गुडघ्यांवर बसली. तिचे स्वतःचे गुडघे सोलवटले, ते तिला नंतर कळलं. “उठ, उठ बाळा, उठ ना...”

केतकी उठली. उठताना एकदा पाय घसरला. ढोपराची कातडी गेली होती, पोटाच्या बाजूला दोन ठिकाणी रक्त येत होतं. उजवा पुढचा पाय तिनं क्षणभर उचलून धरला, मग टेकवला.

आणि मान वळवून वसुधाचा खिसा चाचपू लागली.

वसुधाचा हात खिशात गेला. बोटांना गुळाचा खडा लागला. दिला तर आपण कोण, आणि नाही दिला तर आपण कोण, हे तिला ठरवता येईना. आजवर वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात ह्या प्रसंगाचं पान नव्हतं.

घोडी वाट बघत होती. डोळ्यांत ना राग, ना भीती. आपलं काम चोख झालं आहे, एवढंच त्या डोळ्यांत होतं.

तिनं गूळ दिला. मग ती रडायला लागली, आणि रडता रडता ओरडली, “लाज नाही वाटली तुम्हाला? आयुष्यभर तेच केलंत, आणि आता माझ्याही घोडीला...”

“वाटली,” उस्ताद म्हणाले. “हळद आणतो.”

ते खरोखरच आत गेले. हळद आणि खोबरेल तेल घेऊन आले, खाली वाकले आणि एकेक जखम भरू लागले. हळद झोंबत असणार. केतकी हलली नाही. हात ढोपराला लागला तेव्हा तिनं पाय आपणहून पुढं केला.

“बघ,” ते हळू आवाजात म्हणाले, “सुलतानानं लाथ घातली असती मला.”



“तिला शिकवता येईल का, उस्ताद?” वसुधानं विचारलं. “नाही म्हणायला?”

“ठाऊक नाही. मी कधी शिकवलं नाही.”

“पण तुमचे घोडे म्हणायचे.”

“मार खाऊन म्हणायचे. तू मारणार आहेस तिला?”

वसुधानं नकारार्थी मान हलवली. केतकीच्या आयाळीत अडकलेली खडीची कपची तिनं काढली आणि कितीतरी वेळ मुठीत धरून ठेवली.

उस्तादांनी हात धोतराला पुसले.

“आण तो कागद.”

“कशाला?”

“आण म्हणतो ना.”

कागद तिच्या पिशवीत होता. तिनं तो दिला, कारण उस्तादांनी मागितल्यावर द्यायचं असतं, हे ती वयाच्या अठराव्या वर्षीच शिकली होती. त्यांनी तो गुडघ्यावर पसरला, खिशातलं पेन काढलं आणि डोळ्यांशी नेऊन सहीची जागा शोधू लागले.

“नको, उस्ताद,” वसुधा म्हणाली. तिनं कागदावर हात ठेवला. “नका करू सही. मी कळवते त्यांना. नाही म्हणून सांगते.”

उस्तादांनी तिचा हात बाजूला केला. एका हातानं, हलकेच, जराही जोर न लावता. आणि उरलेल्या बोटांत पेन धरून, मोठ्या, वाकड्या अक्षरांत, सावकाश सही केली.

मग शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घातली आणि शेवटच्या जाड ‘नाही’वर बोट ठेवून तो तिच्यापुढं धरला.

“का गं? ह्यात खोटं काय आहे?”