हौसाक्काची उतरती पावलं

फार वर्षं झाली, तेव्हा खडकेवाडीच्या टेकडीवर हौसाक्का नावाची वैदीण एकटीच राहायची. असं म्हणतात, तिच्या मुळीनं मरणसुद्धा आल्या वाटेनं परत फिरायचं.

पण तिचा एक नेम होता. ज्याला औषध पाहिजे, त्यानं एकवीस दिवस आपल्या पायांनी वर यायचं. ती खाली यायची नाही. म्हातारे कुरकुरत चढायचे, काढा प्यायचे आणि बरे व्हायचे.

"आक्का, तुझ्या मुळीत काय नाही. गुण आमच्या गुडघ्यांचा," भिवा तराळ म्हणायचा.

"मग उद्या गुडघेच उगाळून पी."

सगळे हसायचे अन् उन्हं कलायच्या आत खाली जायचे. तिच्या चुलीपाशी भाकरीला कुणी थांबायचं नाही. ती एकटीच जेवायची.

एके दिवशी वाडीतली तानू आपलं तापलेलं लेकरू खांद्याला लावून चढू लागली. नवरा परगावी, सोबत कुणी नाही. अर्ध्या वाटेत तिचे पाय थकले. तिनं खालून हाक मारली. हौसाक्कानं ऐकली. उठलीसुद्धा. पण मनात आलं, आज उतरले तर उद्या कोण चढेल? म्हणून परत बसली.

तानू वर पोचली तेव्हा लेकरू गार पडलं होतं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आक्का, हा अजून रांगतसुद्धा नव्हता."

हौसाक्कानं त्याच पावली उगाळायची सहाण डोक्यावर घेतली आणि उतरली. असं म्हणतात, त्या दिवशी तिची पावलं खडकात रुतली, ओल्या मातीत रुतावी तशी. मग पायथ्याशीच राहिली. रोज पहाटे धडधाकट माणसांना टेकडी चढायला लावायची आणि आजाऱ्याच्या दारी स्वतः धावायची. सव्वाशे वर्षं जगली म्हणतात. तानूही तिच्या आधी गेली. चालण्यानं जगलीस की मुळीनं, असं कुणी हौसाक्काला विचारलं तर ती टेकडीकडं बघत सहाण उचलायची अन् पुढच्या दारी निघायची.

अजून वाडीतले म्हातारे रोज टेकडी चढतात, आणि उतरत्या पावलांवर पाणी घालतात. पण लेकरू तापलं की आईनं दारात थाळी वाजवायची. ऐकणारा हातातलं काम टाकून येतो. वैद्याला आणायला एक जण पळतो, बाकीचे तिच्यापाशी बसतात. ताप उतरेपर्यंत त्या घरातून कुणी उठत नाही.