अर्जुनाच्या ढोलीतली मुनिया

फार जुनी गोष्ट. नदीकाठच्या रानात एक म्हातारा अर्जुनवृक्ष होता. रानात कोण कुठे राहतं, ते सगळं त्याला ठाऊक असे. पण तो बोले फार हळू, आणि पत्ता सांगण्याआधी “काय काम काढलंस?” असं विचारी. येणारे कंटाळून जात.

म्हणून त्याने एका इवल्याशा मुनियेला आपल्या ढोलीत ठेवून घेतलं. तिचा भार तो कितीसा! त्याने तिला सगळे पत्ते सांगितले. ती विचारणाऱ्याला चटकन उत्तर देई. सगळे खूश झाले.

एके सकाळी रानमांजर आलं. “मुनियाताई, सशीणबाई हल्ली कुठे असते गं?”

“करवंदीच्या जाळीत!” मुनिया आनंदाने म्हणाली.

संध्याकाळी सशीण रडत झाडाखाली आली. तिचं एकही पिल्लू उरलं नव्हतं.

“आजोबा, मला काय ठाऊक!” मुनिया हुंदके देऊ लागली.

“तुझा दोष नाही, पोरी,” झाड म्हणालं. “कुणाला सांगायचं नाही, ते मीच तुला शिकवलं नाही.”

मग त्याने सशिणीला हळूच विचारलं, “बाई, आता कुठे राहशील?”

सशिणीने एकदा वर पाहिलं आणि काही न सांगता ती निघून गेली.