येसाक्कानं गाडीची धार काढली

आंबेखोलाच्या पठारावर डांबरी रस्ता पोचायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. रस्ता आजही धड नाही, ते सोडा.

तिथं येसाक्का गवळण राहायची. तिचा हात लागला की लाथखोर म्हैसही निमूट पान्हा सोडायची, असं म्हणतात. सुभेदार शेडग्यांच्या म्हशी तीच पिळायची. त्याच गोठ्यात, म्हशींच्या रांगेत शेवटी, सुभेदारांनी लढाईवरून आणलेली मोटारसायकल उभी असे. काळंभोर धूड, आणि बाजूला जोडलेला, माणूस बसवायचा लोखंडी डबा. सुभेदार गेले आणि गाडी मुकी झाली. वडील चालू करून द्यायचे तेव्हा त्यांचा मुलगा तुळाजी ती चालवायचा छान, पण चालू करणं त्याला काही साधेना. किक उलटी उसळायची. तिनं अकरा पैलवानांच्या नडग्या फोडल्या, असं म्हणतात.

एका दुपारी तुळाजीच्या बायकोला, राहीला, कळा सुरू झाल्या. सुईणीनं चाचपून पाहिलं आणि हात मागं घेतला. "मूल आडवं आहे. दवाखान्यात न्या." दवाखाना घाटाखाली, नऊ कोसांवर. बैलगाडीनं रात्र झाली असती, आणि राहीकडं तेवढा वेळ नव्हता.

तुळाजी गोठ्यात धावला. लाथेवर लाथ घालू लागला. नडगी रक्ताळली, गाडी ढिम्म.

"मेल्या, लाथा काय घालतोस?" येसाक्का चरवी ठेवून उठली. "अशानं माझी म्हैससुद्धा आटेल!"

"मग तूच काढ तिची धार!" तुळाजी ओरडला.

टोमणा होता तो. येसाक्काला मात्र ते सांगितलेलं काम वाटलं. ती गोंधळली खरी, पण कामाला तिनं कधी नाही म्हटलेलं नव्हतं. तिनं टाकीवर हात फिरवला, "हां बाई, हां" म्हणाली, आणि किकवर पाय ठेवून हळूच दाबला. गाडी आखडली. आखडली की थांबायचं, हे तिला ठाऊक. ती थांबली. मग जराशीच दाबली. आतून काहीतरी सैल पडलं, आणि त्याच क्षणी तिनं सारा भार पायावर टाकला.

गाडीनं हंबरडा फोडला! गोठ्याची कौलं उडाली, असं म्हणतात.

राहीला डब्यात निजवलं. येसाक्का मागं बसली, कारण वाटेत बंद पडली तर? घाटाची वळणं आपोआप सरळ झाली, असं म्हणतात. येसाक्काला यातलं काही दिसलं नाही. तिनं डोळे मिटले होते आणि राहीचा हात धरला होता. दवाखान्याच्या दारात तुळाजीनं टाकी उघडली, तर आत थेंब नव्हता. थोड्या वेळानं आतून मुलीचं रडणं ऐकू आलं.

परतल्यावर गाव येसाक्काच्या पाया पडायला लोटलं. "आक्का, मंत्र कुठला गं?"

"कसला मंत्र? मलाच कळंना, ती चालू कशी झाली!"

कोणी ऐकेना. दुसऱ्या दिवशी टाकी भरून तिला पुन्हा गाडीपाशी उभं केलं. तिनं तसाच हात फिरवला, तशीच थांबली, तसाच भार टाकला. गाडीनं तिला उचलून कडब्याच्या गंजीत फेकलं. येसाक्का कडबा झटकत उठली आणि गाडीकडं बघत राहिली. "मग काल कोण आलं होतं गं तुझ्यात?" तिनं विचारलं. मरेपर्यंत ती हेच विचारत होती, असं म्हणतात. शहाणे लोक मात्र मंत्राची पुस्तकं विकून मोकळे झाले, आणि रस्ता मागायला कुणी गेलं नाही.

आंबेखोलात आज घरोघरी गाड्या आहेत. बटण दाबलं की चालू होतात. तरी एखाद्या घरी बाईला कळा लागल्या की शेजारचा माणूस न सांगता आपली गाडी त्या दारात आणतो, येसाक्काचं नाव घेऊन चालू करतो आणि तशीच धडधडत ठेवतो. पेट्रोल संपत आलं की दुसरा आपली गाडी आणतो. आतून बाळ रडलं, की मगच गाडी बंद होते.