बिनगाठीची फुलं

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात भोपळ्याचा एक वेल होता. एकच. आदल्या वर्षी घुशींनी बियाण्याचं मडकं फोडलं, तीन बिया वाचल्या आणि त्यातली एक रुजली. पांढऱ्या पट्ट्यांचा तो गोड भोपळा दुसरीकडे कुठे पिकत नसे. या वेलाला फळ धरलं नाही तर वाण संपला, हे गावातल्या पोरांनाही ठाऊक होतं.

त्याच वर्षी वैद्यांची मुलगी दूरच्या विद्यापीठातून शिकून परत आली. जे शिकलं ते सगळं गावाला द्यायचं, असं तिने वाटेतच ठरवलं होतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने मुलांना वेलापाशी बसवलं.

"हा पानाचा देठ. हे पातं. ही मधली शीर, आणि तिच्यापासून निघालेल्या बारीक शिरांची ही जाळी. पाणी याच वाटेने पानभर पोचतं." मग तिने वहीत दाबून ठेवलेलं जास्वंदीचं फूल काढलं. "बाहेरची हिरवी ती निदलं, कळी असताना ती फुलाला सांभाळतात. आत पाकळ्या. हे पुंकेसर, त्यांवर पिवळी भुकटी असते ती पराग. मधोमध स्त्रीकेसर. त्याच्या टोकाला पराग चिकटले, की तळाशी असलेल्या अंडाशयाचं फळ होतं."

गावाने कौतुकाने वेल तिच्याच हवाली केला.

दुसऱ्या दिवशी तिने वेल नीट पाहिला. काही फुलांच्या खाली सुपारीएवढी हिरवी गाठ होती. बाकीची नुसत्या लांब देठावर उभी होती, आणि तीच जास्त होती. म्हातारी माळीण दर सकाळी ही बिनगाठीची फुलं भाजीसाठी खुडायची, पण सगळी नाही.

"मावशी, ही दोन का ठेवलीत?"

"ठेवायची असतात. दहा खुडली तर दोन ठेवावीत. माझी सासू ठेवायची."

"पण सासूबाई का ठेवायच्या?"

"तिला विचारायची हिंमत होती का कुणात!"

मुलगी हसली. "हे काही कारण नव्हे, मावशी. गाठ म्हणजे अंडाशय. या फुलांना तेच नाही. अपुरी फुलं आहेत ही, वेलाचा रस फुकट पितात. एकही ठेवायचं नाही."

त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी बिनगाठीच्या कळ्या उमलायच्या आतच खुडू लागली. गावाने आठ दिवस फुलांची भाजी खाल्ली आणि तिला दुवा दिला.

मग पहिली गाठ पिवळी पडली आणि गळली. मग दुसरी. तिने बुंध्याशी राख घातली, ताकाचं पाणी घातलं, तरी पाच गाठी गळल्या. पावसाळा सरला, खालची पानं वाळू लागली. शेवटी गाठीची एकच कळी उरली.

"मावशी, माझं कुठे चुकलं?"

"मला काय ठाऊक? मी आपली फुलाला फूल म्हणते." माळणीने कळीकडे बोट दाखवलं. "आत बघितलंस का तू कधी?"

आत काय असतं ते मला पाठ आहे, असं मुलीच्या ओठांवर आलं होतं. पण त्या रात्री ती वेलापाशी जाऊन बसली.

पहाटे कळी उमलली, तेव्हा ती वेलापाशी बसलेलीच होती. ती वाकली आणि तिने फुलात बोट घातलं. मधोमध जाड, चिकट स्त्रीकेसर होता. पुंकेसर नव्हते. बोटाला भुकटीचा कणही लागला नाही.

जास्वंदीच्या एकाच फुलात दोन्ही असतात, म्हणून भोपळ्यातही असणारच, असं ती धरून चालली होती. भोपळ्याचे पराग वेगळ्या फुलांत होते. ज्यांची गावाने भाजी खाल्ली, त्या फुलांत.

"मावशी, बिनगाठीचं एक फूल हवंय! आत्ताच. ऊन चढलं की हे मिटेल."

"एकही ठेवायचं नाही, असं कोण म्हणालं होतं?"

"मीच म्हणाले होते. चुकले."

माळीण कुंपणाच्या मागच्या अंगाला गेली आणि तिने एक मोठं पान उचललं. खाली बिनगाठीची दोन फुलं उमलली होती.

"काल संध्याकाळी ही कशी राहिली?"

"मला मेलीला दिसतं कुठे?" सुईत एका फटक्यात दोरा ओवणारी माळीण म्हणाली.

मुलीने एक फूल खुडलं, पाकळ्या बाजूला केल्या आणि आतला पिवळा दांडा गाठीच्या फुलात हलकेच फिरवला. भुकटी चिकटली. चौथ्या दिवशीही गाठ हिरवीच होती. महिन्याभरात तिचा पांढऱ्या पट्ट्यांचा भोपळा झाला. तो फोडला तेव्हा घरटी मूठभर बी आली.

पुढच्या वर्षी मुलीने मुलांना पुन्हा वेलापाशी बसवलं. या खेपेला वही आणली नव्हती. तिने प्रत्येकाला फुलात बोट घालायला लावलं, आणि मग दोन फुलं का ठेवायची ते सांगितलं. माळीणही ऐकत होती.

"म्हणजे माझी सासू बरोबर होती म्हणायची?"

"अगदी बरोबर होत्या."

"बरं झालं तिच्या हयातीत कळलं नाही," माळीण म्हणाली, "नाहीतर मला जगू दिलं नसतं तिनं!"

तात्पर्य: नाव पाठ झालं म्हणजे वस्तू पाहून झाली असं नाही, आणि एखाद्या रीतीचं कारण कुणाला सांगता आलं नाही, तर ती मोडण्याआधी आपण ते शोधावं.