जागेपणीचा निरोप

एकदा एका वृद्ध पोथीवाचकांनी ऐन अधिकमासात, देऊळ माणसांनी भरलेलं असताना, जिथं मिटू नये तिथं पोथी मिटली. त्या दुपारची आठवण गावात अजून निघते. कुणी रागानं काढतात, कुणी मायेनं.

त्या वृद्धांना सगळं गाव आबा म्हणे. पंचेचाळीस वर्षं ते मारुतीच्या देवळात दुपारची पोथी वाचत आले होते. अलीकडे दोन ओव्या झाल्या की त्यांचा आवाज बसे. म्हणून ओवी ते वाचत आणि अर्थ सांगायला त्यांनी एक शिष्या तयार केली होती. तिचं नाव केशर. सातवी शिकलेली, पंचविशीची, मांडीवर वर्षाची पोर. पहिल्या दिवशी पुरुषमंडळींनी नाकं मुरडली. "आता बाई अर्थ सांगणार व्हय?" पण केशरनं देवकीची कोठडी सांगितली आणि खांबाला टेकून बसलेले म्हातारेही सावरून बसले. पुन्हा कुणी काही बोललं नाही.

पोथीचा एक नियम असतो. दुःखाच्या जागी ती मिटत नाहीत. राम वनवासाला निघाला तर निदान त्याला नदीपार उतरवायचं. युद्धात कुणी पडलं तर दोन ओव्या पुढं जाऊन जरा बऱ्या जागी थांबायचं. ऐकणाऱ्यानं जड मनानं घरी जाऊ नये, आणि ते दुःख त्याच्या मागोमाग त्याच्या उंबऱ्याशी येऊ नये, एवढाच त्यातला भाव.

टीव्हीचं नेमकं उलटं. त्या दिवसांत रोज संध्याकाळी कृष्णाची मालिका लागे आणि ती रडायच्या जागीच थांबे. कंसाच्या सांगण्यावरून अक्रूर कृष्णाला मथुरेला न्यायला आला तो सोमवारी. त्याचा रथ हलला शुक्रवारी. मधले दिवस रथ जागच्या जागी, यशोदा रडते आहे आणि मधे साबणाच्या जाहिराती. शेवटी चाक फिरलं, तेव्हा यशोदा भोवळ येऊन कोसळली आणि तिच्या मिटलेल्या डोळ्यांवर तो भाग संपला. आळीतल्या बाया डोळे पुसत उठल्या. केशर मात्र मनात म्हणाली, "बरं झालं बाई. तिला बघावं तरी लागलं नाही."

तिला असं वाटायला कारण होतं. केशरच्या घरात रेवा नावाची साडेचार वर्षांची मुलगी होती. ती तिच्या थोरल्या जावेची, शालनची. बाळंतपणानंतर शालनला छातीचं दुखणं लागलं आणि तीन महिन्यांची रेवा केशरच्या ओटीत आली. शालनचं औषधपाणी लांबलं, पुढं नवऱ्याची नोकरी शहरात, तिथंच डॉक्टर. रेवा इथंच राहिली. ती केशरला आई म्हणे आणि शालनला "फोनमधली मम्मी". आता शालन बरी झाली होती. जूनमध्ये रेवाला शहरातल्या शाळेत घालायचं ठरलं होतं. यात कुणाचं काही चुकत नव्हतं. तरी लोक केशरची समजूत काढत, "तुझं पोटचं हाय की तुझ्याजवळ." ते ऐकलं की ती मांडीवरच्या पोरीला घट्ट धरी आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटे.

पोथी मिटली त्याच दिवशी संध्याकाळी शालन आणि तिचा नवरा येणार होते. पुढचं सासूबाईंनी ठरवून टाकलं होतं.

"पहाटेच्या गाडीनं काढायची," त्या म्हणाल्या. "झोपेत खांद्यावर टाकली की गाडी सुटेस्तवर कळायचं नाही. जागी असली तर गाव गोळा करंल. आणि तू समोर येऊ नगस. गोठ्यात जाऊन बस."

केशरनं मान हलवली. तिच्या माहेरीसुद्धा असंच करत. लेकराला सोडून जायचं तर त्याचा डोळा चुकवून.

त्याच दुपारी पोथीत रथाची ओवी आली. आबांनी ती वाचली आणि केशरकडं पाहिलं. केशर सांगू लागली. अक्रूरानं घोड्यांचे लगाम धरले, कृष्णाचं एक पाऊल रथावर पडलं. "आणि यशोदा धाडदिशी खाली पडली. तिला काही दिसलं नाही की काही ऐकू आलं नाही. डोळे उघडले तेव्हा रथ गेलेला."

"थांब केशर," आबा म्हणाले. "ही कुठली ओवी?"

केशर गोंधळली. मागून हौसाबाई ओरडली, "अवो आबा, शुक्रवारी दावलं की टीव्हीत! त्यापायी माझ्या सुनंनं शेरभर दूध उतू घालवलं!"

देऊळभर हसू पसरलं. आबा हसले नाहीत. "टीव्हीचं टीव्हीवाल्यांपाशी. आपल्या पोथीत यशोदा उभी आहे. रथाची धूळ खाली बसेपर्यंत उभी आहे. सांग."

"यशोदा..." केशर म्हणाली, "यशोदा उभी..." तिचा आवाज तिथंच अडला. ती हळूच म्हणाली, "आबा, पुढची ओवी घ्या ना."

आबांनी तिच्याकडं क्षणभर निरखून पाहिलं. मग त्यांनी पोथीची पानं सारखी केली, मिटली, तिला लाल फडकं गुंडाळलं आणि गाठ मारली.

कुणाला काही समजेना. मग एकच गलका झाला. "आबा, रथ वाटंत हाय अजून!" "निदान मथुरेला तरी पोचवा!" "असलं केलेलं लेकराबाळांवर येतंय, आबा. तुमाला काय सांगाय पायजे व्हय?"

"आज इथंच," आबा म्हणाले. "आरती तुम्ही करा." आणि काठी टेकत ते पायऱ्या उतरून गेले.

केशरच्या मनात आलं, रथ वाटेतच राहिला आणि उद्या आपल्या रेवाला प्रवासाला जायचं आहे! तिनं मांडीवरची पोर हौसाबाईकडं दिली आणि आबांच्या मागं जवळजवळ पळतच गेली. ते ओढ्याकाठच्या दगडावर दम खात बसले होते.

"आबा, मुद्दाम केलंत तुम्ही?"

"होय."

"माझी रेवा उद्या जायची आहे. तुम्हाला माहीत आहे. माझ्यावर राग आहे का तुमचा?"

"बस इथं." ती बसली. आबा सावकाश बोलू लागले. "केशर, कृष्णाचं लहानपणी दोनदा घर सुटलं. देवकीच्या कुशीतून त्याला नेलं तेव्हा पहारेकरी निद्रिस्त होते आणि तो तान्हा होता. त्याला काय उमजणार? गोकुळ सुटलं तेव्हा मात्र दिवस उगवला होता, तो जागा होता आणि सगळं गोकुळ वाटेवर उभं होतं. तान्ह्या जिवाला झोपेत नेता येतं. ज्याला माणसं ओळखू येऊ लागली, त्याला झोपेत नेऊ नये. टीव्ही त्या जागी थांबतो, पण यशोदेचे डोळे मिटून. पोथी डोळे उघडे ठेवते, पण आम्ही वाचणारे तिथून पळ काढतो. मी पंचेचाळीस वर्षं काढला. आज थांबलो."

"तुम्ही कशापायी पळ काढायचात?"

आबांनी काठीनं मातीत एक रेघ ओढली. "मी पाच वर्षांचा होतो. चुलत्याला मूल नव्हतं, मला दत्तक दिलं. फार रडेन म्हणून झोपेतच बैलगाडीत घातलं. जाग आली तर वरचं आढं निराळं. त्या घरात मला काही म्हणता काही कमी पडलं नाही. पण कितीतरी वर्षं मी धरून चाललो की माझ्या हातून काहीतरी वाईट घडलं, म्हणून आईनं मला टाकलं. पुढं लग्नकार्यात भेटायची. तोंडावरून हात फिरवायची. मी कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. ती गेल्यावर मावशी बोलली, की त्या दिवशी माझी आई न्हाणीघरात तोंडात पदर कोंबून बसली होती. असेल बसली. मला कुठं दिसली होती? अजून दुपारी डोळा लागला की मी दचकून उठतो आणि आधी आढं बघतो."

केशर म्हणाली, "ती रडंल, आबा."

"रडेल."

"मला सोडायची नाही."

"नाही सोडायची. तुलाच तिचे हात सोडवावे लागतील."

"माझ्यानं नाही व्हायचं."

"न होईना," आबा म्हणाले. "यशोदेचं तरी कुठं होत होतं? नियम मोडल्याचा दोष माझ्या माथी. तू घरी जा. पाहुणे येतील."

पाहुणे आले. शालननं झालरीचा फ्रॉक आणला होता. रेवानं फ्रॉक घेतला आणि ती केशरच्या मागं जाऊन उभी राहिली. चहाचे कप गोळा करता करता केशर खाली मान घालून शालनला म्हणाली, "आक्का, पहाटेची गाडी नको. नवाच्या गाडीनं जावा."

"डोकं फिरलं का तुझं?" सासूबाई कडाडल्या. "त्या म्हाताऱ्यानं काय भरवलं हिला?"

शालनचा चेहरा उतरला. ती केशरला आत घेऊन गेली. "केशर, जागी असली तर ती माझ्याकडं यायची नाही गं. आधीच मी परकी. गावासमोर माझं लेकरू माझ्या हातातनं तुझ्याकडं पळालं तर मी काय करू?"

केशरला आजवर वाटलं होतं, भीती आपल्या एकटीलाच आहे. तिनं जावेचा हात धरला. त्या हाताची हाडं अजून बोटांना लागत होती. "तुमच्यासाठीच म्हणते, आक्का. झोपेत नेलीत तर ती तुम्हाला चोर समजंल. मी देते तुमच्या हातात. तिच्या देखत देते."

शालननं पहाटेची गाडी जाऊ दिली. सकाळी केशरनं रेवाला न्हाऊ घातलं, वेणी घातली आणि आज मम्मीबरोबर शहरात जायचं ते सांगितलं.

"तू पण येणार?"

"नाही."

"मग तू कधी येणार?"

उद्या, असं केशरच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. "दिवाळीला."

"दिवाळी उद्या आहे?"

"नाही गं राणी. लांब आहे. पाऊस येऊन जाईल, गणपती येऊन जातील, मग."

रेवाला लांब म्हणजे किती ते कळलं नाही, पण आई येणार नाही एवढं कळलं. फाट्यावर गाडी दिसताच तिनं आकांत मांडला. दोन्ही मुठींत केशरचा पदर. ताणानं फाटायला आला, पण सुटेना. कंडक्टर म्हणाला, "चला बाई, आटपा." शालन पुढं होऊन तशीच थांबली, तिला हात लावायचा धीर होईना. मग केशरनंच ती बोटं सोडवली. एक एक करून, दहाही. शालनला गाडीत बसवलं, रेवाला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं आणि भराभरा सांगून टाकलं, "भातात दही कालवलं तर खाते. झोपताना पाठीवर हात लागतो, थापटायचं नाही, नुसता ठेवायचा. माझी आठवण काढून रडली तर रडू द्या, आक्का. माझं नाव घेऊ नको म्हणू नका."

शालन रडत रडत मान हलवत राहिली. केशर खाली उतरली, गाडी सुटली.

हौसाबाई कडेवरची पोर घेऊन मागं उभी होती. ती म्हणाली, "बघितलंस? झोपेत नेली असती तर एवढा आकांत झाला असता का?"

केशरला खाली बसावं, डोळे मिटून घ्यावेत असं फार वाटत होतं. ती उभी राहिली. खिडकीच्या गजांत रेवाचं लाल झालेलं तोंड दिसत होतं. शालननं तिला आत ओढून घेतलं नव्हतं, कमरेला धरून खिडकीशी उभं केलं होतं. गाडी ओढ्यावरच्या वळणाला लागेपर्यंत रेवा रडत होती. पण कुणाकडं बघून रडायचं, हे तिला ठाऊक होतं.