दोन कुलपांचं देऊळ

भाविकहो, फादर रोमान खाडीकाठच्या पालखार गावी आले, तेव्हा तिथल्या देवळाच्या दाराला दोन कुलपं होती. वसईकडे आपले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. सणाच्या मिरवणुकीत मरियामातेची मूर्ती आधी कुणी उचलायची, यावरून वरली आळी आणि खालची आळी हातघाईवर आल्या. आधीच्या पाद्रींनी एका आळीची बाजू घेतली, दुसरीचे शिव्याशाप खाल्ले आणि गाव सोडलं. मग दोन्ही आळ्यांनी दाराला आपापलं कुलूप ठोकलं. आता एकाची किल्ली दुसऱ्याशिवाय बिनकामाची! शहाण्यांच्या भांडणात असंच होतं.

आत मात्र ख्रिस्ताचं शरीर म्हणून पुजतात ती पवित्र भाकर तशीच राहिली, आणि तिच्यासमोरचा अखंड दिवा. त्या दिव्यात रोज तेल घालायचं काम कोन्सूबाय या म्हाताऱ्या विधवेचं. खोबरं वाळवून तेल ती स्वतःच काढायची. दार बंद झालं तरी तिनं सेवा सोडली नाही. रोज संध्याकाळी येऊन क्रुसाची खूण करायची आणि पळीभर तेल दाराखालच्या फटीतून आत ओतायची.

वरल्या आळीचा म्होरक्या इनासशेठ पोट धरून हसायचा. "कोन्सूमावशी, उंदरांना मेजवानी चाललीय वाटतं! चाळीस दिवस झाले, दिवा केव्हाच विझला. रविवारी आम्ही आमच्या वेगळ्या देवळाचा पाया घालतोय."

हे ऐकून म्हातारीचा धीर सुटला. ती फादरांपाशी येऊन रडू लागली. "फादर, वेगळं देऊळ झालं की हे दार कायमचं बंद. माझा देव काळोखात बसलाय हो!"

"बाय, शेजारच्या गावच्या देवळात जा, असं कुणी सांगत नाही तुम्हाला?"

"सांगतात ना. पण भाऊ भाऊ भांडले म्हणून आईला टाकायचं का?"

फादर उठले ते थेट इनासशेठच्या ओटीवर गेले.

"दिवा विझला म्हणता. पाहिलात का?"

"त्यात पाहायचं काय?"

"मला तर फार उत्सुकता आहे बुवा. चला, दाराच्या फटीतून बघू."

इनासशेठनं हसत हसत फटीला डोळा लावला आणि त्याचं हसू जागीच विरलं. आत उजेड होता! मग तो एकदम भडकला. "खालच्या आळीनं आमच्या कुलपाची चोरकिल्ली केलीय! बोलवा त्या जुजेला!"

खालच्या आळीचा पुढारी जुजे धावत आला. फटीतून बघून तोही तेच ओरडला, फक्त चोर वरल्या आळीचा! फादर दाढीतल्या दाढीत हसले. चोर कोण, हे कळल्याशिवाय दोघांनाही चैन पडेना, आणि दोन्ही कुलपं एका दमात उघडली.

आत जमिनीवर धुळीचा थर होता, आणि त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. इनासशेठनं उंबऱ्याच्या आतून बोट फिरवून पाहिलं. चाळीस पळ्या तेल ओतलेली ती जागा कोरडीठाक! पलीकडे दिवा शांत तेवत होता, तेलानं काठोकाठ भरलेला. त्या तेलाला कोन्सूबायच्या खोबऱ्याचा वास येत होता.

"फादर, हे झालं कसं?" इनासशेठनं विचारलं.

"मलाही कळत नाही," फादर म्हणाले. "कोन्सूबायला विचारा."

"मी दारापर्यंत आणलं," कोन्सूबाय आनंदानं रडत म्हणाली. "पुढचं मला काय ठाऊक?"

धन्य ती माउली! इनासशेठनं गुडघे टेकले. "मावशी, चुकलो," म्हणत त्यानं त्या धुळीतच डोकं ठेवलं. उठला तेव्हा कपाळ मळलं होतं. जुजेनं आपला पंचा पुढे केला.

"राहू दे, ही आपल्या दोघांच्या भांडणाची धूळ आहे," इनासशेठ म्हणाला.