ब्राह्मीने विचारलेले नाव

एका राज्यात एक राजा होता आणि त्याचे नाव कुणालाच आठवत नव्हते. खुद्द राजालाही नाही. कुहक नावाच्या मांत्रिकाने त्याला एक शापित माणिक नजर केले होते. ते मुकुटात बसले आणि राजाची स्मृती गिळू लागले. त्याचे नाव तर साऱ्या माणसांच्या मनातून पुसले गेले. मग कुहकाने राजवाड्यातली पाखरे हाकलून दिली. का, ते कुणी विचारले नाही. दरबारात त्याने एवढेच बजावले, "पुनवेला राजाने स्वमुखे आपले नाव सांगावे. न सांगेल, तर सिंहासन माझे."

राजवैद्यांनी शिपाई धाडून गाडाभर वनस्पती उपटून आणल्या. काढे उकळले, लेप थापले. गुण शून्य. एके सकाळी राजा जिवाई दाईला म्हणाला, "बाई, आपण कोण?"

जिवाईने त्याला अंगावर पाजले होते. तिच्या काळजाचे पाणी झाले. पण ती रडत बसणारी नव्हे. वनस्पती तोडण्याआधी तिला आदल्या सांजेस आवतण द्यावे लागते, ही रीत तुम्हीच विसरलात, मग राजाचे काय घेऊन बसलात, असे तिने वैद्यांना सुनावले. मूठभर अक्षता पदराला बांधून ती रानात गेली.

पहिल्या सांजेस तिने शंखपुष्पीपुढे अक्षता ठेवल्या. ओंजळीहून अधिक नेऊ नकोस, असे शंखपुष्पीने सांगितले; सकाळी जिवाईने ओंजळच नेली. दुसऱ्या सांजेस कड्यावरची मालकांगोणी म्हणाली, माझे बी कडू, आधी तू चाख. जिवाईने चाखले, तोंडही वाकडे केले नाही. तिसऱ्या सांजेस ती तळ्याकाठच्या ब्राह्मीपाशी पोचली. दुसऱ्या दिवशी पुनव होती.

"कोणासाठी नेतेस?" ब्राह्मीने विचारले.

"राजासाठी."

"राजे पुष्कळ. नाव सांग. नावावाचून माझा गुण लागत नाही."

ज्या नावाने हजारदा अंगाई गायली, तेच जिवाईच्या ओठी येईना. तरी ती गाऊ लागली, "नीज, माझ्या..." आणि थांबली. पुन्हा गायली, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा तळ्याकाठच्या झाडावरून एक म्हातारी साळुंकी बोलली, "नीलध्वजा."

ती राजवाड्यातलीच. पाळण्याशेजारच्या पिंजऱ्यात बसून तिने ती अंगाई ऐकली होती. शाप माणसांवर होता, पाखरांवर नव्हता. म्हणून तर कुहकाने त्यांना हाकलले. नाव जिवाईच्या कानी पडले आणि लगेच निसटलेही. पण ब्राह्मीने ते ऐकले होते. सकाळी तिने आपणहून पाने वाकवली.

भरदरबारात जिवाईने तिन्ही औषधी मधात घोटून राजाला चाटवल्या. कुहक हसला, "सांगा, महाराज."

राजा दाईकडे वळला.

"आऊ," तो म्हणाला, "तू मला नीलध्वज म्हणायचीस."

माणिक ताडकन फुटले. साऱ्या दरबाराने राजाच्या नावाचा जयजयकार केला. शाप उलटला आणि कुहक आपलेच नाव विसरला. जो भेटेल त्याला मी कोण, असे विचारत वेशीबाहेर गेला. राजाने पाखरांसाठी वाड्याच्या खिडक्या उघडवल्या. जिवाई मात्र आता पोटभर रडली.

त्या राज्यात अजूनही पान खुडण्याआधी आजाऱ्याचे नाव सांगतात. ब्राह्मी नीलध्वजाला पावली, तशी तुम्हाआम्हाला पावो.